शिक्षक, कामगार आणि मातृभाषा : वगळलेल्या शब्दांचा इतिहास

भाषेच्या लढ्याचा इतिहास लिहिताना आपण परिषदा, ठराव, मोर्चे, आयोग आणि न्यायालयीन दावे यांची नोंद आवर्जून करतो. ज्या माणसाच्या तोंडून ती भाषा रोज सकाळी वर्गात उच्चारली जाते, त्याची नोंद मात्र त्या इतिहासात क्वचितच आढळते. शिक्षक हा भाषेचा सेवक, संस्कृतीचा वाहक, पिढ्यांचा शिल्पकार अशी विशेषणे त्याला मुक्तहस्ताने वाटली जातात. पण त्याचे वेतन कोण ठरवणार, त्याला कामावरून दूर केले तर त्याने कोठे दाद मागावी, आपल्या सहकाऱ्यांसह त्याने संघटना बांधली तर ती कोणत्या विषयावर बोलू शकते, हे प्रश्न निघाले की विशेषणांचा ओघ आटतो.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. मातृभाषेतून शिक्षण मिळण्याचा बालकाचा अधिकार आणि संघटित होण्याचा शिक्षकाचा अधिकार हे दोन निरनिराळे विषय नव्हेत. पहिला अधिकार जिवंत राहतो तो दुसऱ्याच्या आधाराने. शिक्षकाचे तोंड बंद करण्याचे जगातील राज्यसंस्थांनी दोन मार्ग शोधलेले दिसतात. एक मार्ग त्याच्या संघटनेच्या घटनेतील शब्द पुसण्याचा, आणि दुसरा कायद्याच्या व्याख्येत त्याला शब्दच न देण्याचा. पहिल्याचे ठळक उदाहरण तुर्कस्तानात सापडते, दुसऱ्याचे आपल्या देशात. आणि त्यातला एक महत्त्वाचा खटला तर गोव्यातला आहे. भाषेच्या अभ्यासकांनी या दोन्ही कहाण्या शेजारी ठेवून वाचाव्यात, कारण दोन्हींत निर्णायक ठरले ते शब्दच.

पॅरिसची शिफारस

या विषयाची जागतिक चौकट प्रथम ध्यानात घेऊ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४८ मध्ये ८७ क्रमांकाचा आणि १९४९ मध्ये ९८ क्रमांकाचा करार संमत केला. पहिला संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याविषयी आहे, दुसरा संघटित होण्याच्या व सामुदायिक वाटाघाटीच्या अधिकाराविषयी. पहिल्या करारातील शब्दरचना मुद्दाम व्यापक आहे. कोणताही भेद न करता सर्व श्रमिकांना तो लागू होतो; अपवाद ठेवण्याची मुभा आहे ती केवळ सैन्य आणि पोलिस यांच्यापुरती. शिक्षकाला त्यातून वगळलेले नाही.

तरीही शिक्षकाचा दर्जा हा स्वतंत्र प्रश्न आहे हे ओळखून युनेस्को आणि श्रम संघटना यांनी पॅरिस येथे बोलावलेल्या विशेष परिषदेत ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारण्यात आली. याच तारखेला १९९४ पासून जागतिक शिक्षक दिन पाळला जातो. आपल्याकडे ५ सप्टेंबरला फुले दिली जातात. ५ ऑक्टोबरच्या मागे मात्र १४६ परिच्छेदांचा एक दस्तऐवज उभा आहे. शिक्षकांच्या संघटना शैक्षणिक प्रगतीला मोठा हातभार लावू शकणारी शक्ती आहेत, म्हणून शैक्षणिक धोरण ठरवताना त्यांना सहभागी करून घ्यावे, असे ती शिफारस सांगते. वेतन आणि सेवाशर्ती वाटाघाटीने ठराव्यात, आणि वाटाघाटी फसल्या तर इतर संघटनांना जे मार्ग खुले असतात ते शिक्षकांच्या संघटनांनाही खुले असावेत, असेही ती म्हणते. उच्च शिक्षणातील अध्यापकांसाठी अशीच शिफारस १९९७ मध्ये झाली. १९९३ साली स्टॉकहोम येथे शिक्षकांच्या दोन जागतिक महासंघांचे विलीनीकरण होऊन ‘एज्युकेशन इंटरनॅशनल’ ही संस्था जन्मली. देशोदेशीच्या शिक्षक संघटनांची गाऱ्हाणी ती जागतिक व्यासपीठांवर मांडत आली आहे.

शिफारस आणि करार यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर असते. करार मान्य करणाऱ्या राष्ट्राला तो बांधून घेतो. शिफारस केवळ दिशा दाखवते. तुर्कस्तानने ९८ क्रमांकाचा करार १९५२ मध्ये आणि ८७ क्रमांकाचा १९९३ मध्ये मान्य केला. भारताने या दोहोंपैकी एकही आजवर मान्य केलेला नाही. पुढील विवेचनात हा फरक मनात ठेवावा.

गावातून आलेले शिक्षक

तुर्कस्तानातील शिक्षक चळवळीचे मूळ खेड्यात आहे. १७ एप्रिल १९४० च्या कायद्याने तेथे ग्रामसंस्था नावाची अध्यापक विद्यालये निघाली. खेड्यातील मुले निवडायची, त्यांना अक्षरांबरोबर शेती, सुतारकाम, बांधकाम शिकवायचे आणि शिक्षक म्हणून पुन्हा खेड्यात पाठवायचे, अशी ती योजना होती. जमीनदारांना आणि सनातनी मंडळींना हे शिक्षक रुचले नाहीत. १९५४ मध्ये या संस्था बंद करण्यात आल्या. पण तोपर्यंत गरिबी जवळून पाहिलेल्या, लिहिता-बोलता येणाऱ्या शिक्षकांची एक पिढी घडून गेली होती. कादंबरीकार फकीर बायकुर्त हे त्याच पिढीचे.

१९६१ च्या राज्यघटनेने सरकारी नोकरांनाही संघटनेचा अधिकार दिला. १९६५ मध्ये ‘तोस’ या संक्षिप्त नावाची शिक्षकांची संघटना स्थापन झाली आणि बायकुर्त तिचे अध्यक्ष झाले. कायद्याने संघटना दिली होती, संप दिला नव्हता. तरीही १५ ते १८ डिसेंबर १९६९ असे चार दिवस देशभरच्या शिक्षकांनी शाळांवर बहिष्कार टाकला. लवकरच त्याची किंमत मोजावी लागली. १९७१ च्या लष्करी हस्तक्षेपानंतर राज्यघटना दुरुस्त करून सरकारी नोकरांचा संघटनेचा अधिकार काढून घेण्यात आला. ‘तोस’ संपली आणि बायकुर्त यांना तुरुंगवास घडला.

येथे भाषेच्या अभ्यासकाला एक गंमत दिसेल. कामगार संघटनेला तुर्की भाषेत ‘सेंदिका’ म्हणतात. तो शब्द वापरण्याची मनाई झाल्यावर शिक्षकांनी ‘देरनेक’, म्हणजे मंडळ किंवा सभा, अशा नावाने नवी संस्था काढली. ‘तोब-देर’ या तिच्या नावातील शेवटचे अक्षर या ‘देरनेक’चे आहे. शब्द बदलला तरी माणसे आणि प्रश्न तेच राहिले. १९८० च्या लष्करी उठावाने हे मंडळही बंद पाडले.

उठावानंतर आलेल्या १९८२ च्या राज्यघटनेतील ४२ व्या अनुच्छेदाने असे ठरवले की, कोणत्याही शैक्षणिक संस्थेत तुर्की नागरिकांना तुर्कीशिवाय अन्य भाषा मातृभाषा म्हणून शिकवली जाणार नाही. १९२३ च्या लोझान तहाने ज्या बिगरमुस्लिम समाजांना संरक्षण दिले होते, त्यांच्या शाळांपुरती वाट मोकळी राहिली. कुर्दांची संख्या कोटीत असली तरी ते मुसलमान असल्यामुळे त्या तहाच्या अर्थाने अल्पसंख्य ठरले नाहीत. १९८३ च्या एका कायद्याने तर कुर्द भाषेतील प्रकाशनही गुन्हा ठरले. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. ज्या मुलाच्या घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, त्याच्यासमोर फळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला हा प्रश्न कोणत्याही राजकारण्याआधी कळतो, हे सांगण्याची गरज नाही.

एका वाक्यांशावर खटला

१९९० नंतर तुर्की शिक्षकांनी पुन्हा संघटना उभ्या केल्या. दोन संघटनांच्या विलीनीकरणातून १९९५ मध्ये ‘एइतिम-सेन’ जन्मली. तिच्या पूर्ण नावाचा अर्थ शिक्षण व विज्ञान श्रमिक संघ असा होतो. आपल्या नावात तिने ‘एमेकची’, म्हणजे श्रम करणारा, हा शब्द जाणीवपूर्वक घेतला. वर्गात शिकवणारा आणि शाळेचे दप्तर सांभाळणारा दोघेही त्या शब्दात मावतात.

या संघटनेच्या घटनेत उद्दिष्टांचे एक कलम होते. समाजातील सर्व व्यक्तींना लोकशाही, धर्मनिरपेक्ष, शास्त्रीय आणि विनामूल्य शिक्षण आपल्या मातृभाषेतून मिळावे या अधिकाराचा संघटना पुरस्कार करते, असा त्याचा आशय होता. मातृभाषेसाठी तुर्कीत ‘आनादिल’ हा शब्द आहे. ‘आना’ म्हणजे आई, ‘दिल’ म्हणजे जीभ आणि भाषाही. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. कुर्द भाषेचे नाव त्या कलमात कोठेही नव्हते. तरीही २००४ मध्ये सरकारी अभियोक्त्याने संघटना विसर्जित करण्याची मागणी करणारा दावा अंकारा येथील श्रम न्यायालयात दाखल केला. राज्यघटनेत एकच भाषा सांगितली असता अनेक मातृभाषांचा पुरस्कार करणे म्हणजे राष्ट्राच्या एकतेला बाधा, असा त्याचा युक्तिवाद होता.

श्रम न्यायालयाने दावा फेटाळला. अपील न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवले. तुर्की प्रक्रियाशास्त्रात खालच्या न्यायालयाला आपल्या मतावर ठाम राहण्याची एक मुभा आहे. तसे झाल्यास वाद अपील न्यायालयाच्या सर्व शाखांच्या एकत्रित सभेपुढे जातो. अंकाराच्या श्रम न्यायालयाने ही मुभा वापरली आणि संघटना विसर्जित करण्यास पुन्हा नकार दिला. वकिलीच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर आम्हांला या प्रकरणातील सर्वांत मोलाची घटना हीच वाटते. पहिल्या पायरीवरच्या न्यायालयाने वरिष्ठांचे मत ऐकूनही आपले मत सोडले नाही. परंतु मे २००५ मध्ये त्या सर्वोच्च सभेने विसर्जनाच्या बाजूने कौल दिला.

आता संघटनेपुढे दोनच पर्याय होते. कलम ठेवावे तर संघटना जाते. संघटना राखावी तर कलम जाते. जुलै २००५ मध्ये तिने मातृभाषेचा उल्लेख आपल्या घटनेतून वगळला. संघटना जगली, पण तिच्या तोंडातले शब्द काढून घेतल्यावर. त्यानंतर तिने स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात चालू ठेवलेल्या अर्जाचा निकाल २५ सप्टेंबर २०१२ रोजी लागला.

न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निर्णय दिला. संघटना प्रत्यक्षात विसर्जित झाली नसली, तरी विसर्जनाच्या धाकाखाली आपल्या उद्दिष्टांतून शब्द वगळण्याची सक्ती होणे हाच तिच्या स्वातंत्र्यातील हस्तक्षेप होय, असे न्यायालयाने मानले. त्या कलमात हिंसेची चिथावणी नव्हती, सशस्त्र बंडाचे समर्थन नव्हते. मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार एखाद्या अल्पसंख्य समाजाच्या संस्कृतीला पोषक ठरत असेल असे गृहीत धरले, तरी देशात अल्पसंख्य समाज आणि निरनिराळ्या संस्कृती असणे ही एक ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. लोकशाही समाजाने ती सहन केली पाहिजे, इतकेच नव्हे तर तिचे रक्षण आणि पोषणही केले पाहिजे, अशा आशयाचे विवेचन निकालपत्रात आहे. युरोपीय मानवी हक्क कराराच्या संघटना स्वातंत्र्याच्या अकराव्या आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या दहाव्या अशा दोन्ही अनुच्छेदांचा भंग झाल्याचे न्यायालयाने ठरवले.

या निकालाचे महत्त्व केवळ तुर्कस्तानपुरते नाही. शिक्षकांच्या संघटनेचे काम पगार आणि रजा यांपुरते असते, भाषा हा तिचा विषय नव्हे, हा जुना आक्षेप त्याने निकाली काढला. शिकवण्याची भाषा ही शिक्षकाच्या कामाची स्थितीच आहे. सुताराला त्याच्या हत्याराविषयी बोलण्याचा जितका अधिकार, तितकाच शिक्षकाला माध्यमाविषयी बोलण्याचा.

विजयाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. निकाल लागला तेव्हा शब्द वगळल्याला सात वर्षे होऊन गेली होती. २०१२-१३ या शैक्षणिक वर्षापासून कुर्द भाषा ऐच्छिक विषय म्हणून सरकारी शाळांत आली. शिक्षणाचे माध्यम म्हणून नव्हे. जुलै २०१६ च्या फसलेल्या उठावानंतर आणीबाणी जाहीर झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये एका फटक्यात अकरा हजारांहून अधिक शिक्षकांना निलंबित करण्यात आले. त्यांतील बहुसंख्य ‘एइतिम-सेन’चे सदस्य होते. पुढे अनेकांना परत घेण्यात आले. पण दरम्यान किती वर्ग शिक्षकांविना राहिले असतील याची कल्पना करता येते. न्यायालयाच्या निकालाला जिवंत ठेवण्याचे काम संघटनेलाच करावे लागते, हा धडा त्यात आहे.

उदात्ततेची भिंत

तुर्कस्तानात राज्यसंस्थेने शिक्षकांच्या लेखी घटनेतला शब्द पुसला. आपल्या देशात संघटना स्थापण्याचा अधिकार राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानेच दिलेला आहे, त्यामुळे तसे करण्याची वेळ आली नाही. येथे वेगळे घडले. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ हा कामगाराला बडतर्फीविरुद्ध दाद आणि संघटनेला वाटाघाटीचे बळ देणारा कायदा. त्याच्या दारावरची पाटी वाचताना शिक्षकाचे नाव त्यात आढळले नाही.

या कहाणीचा आरंभ शिक्षकापासून झाला नाही, तर बसचालकापासून झाला. दिल्ली विद्यापीठ आपल्या विद्यार्थिनींसाठी बससेवा चालवत असे. ती तोट्यात जाते म्हणून बंद केली आणि चालकांना कमी केले. त्यांनी कायद्याप्रमाणे भरपाई मागितली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठ विरुद्ध रामनाथ या खटल्यात निर्णय दिला की शिक्षण हा उद्योग नव्हे. निकालपत्र न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे होते. श्रमविषयक कायद्याला ज्यांनी मोठे योगदान दिले, रुग्णालयाला उद्योगाच्या व्याख्येत ज्यांनी १९६० मध्ये बसवले, ते हेच न्यायमूर्ती. त्यांचा विचारक्रम असा : विद्यापीठाचे मुख्य कार्य अध्यापन, ते करणारा अध्यापक कामगार नव्हे, कारण त्याचे कार्य व्यापारापेक्षा व्रताच्या जातीचे, म्हणून ते कार्य जेथे चालते ती संस्थाही उद्योग नव्हे. शिक्षकाच्या उदात्ततेची किंमत अशा रीतीने बसचालकाने मोजली.

१९७८ मध्ये बंगलोर जलपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल मोडीत काढला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने शिक्षणसंस्थेला उद्योगाच्या व्याख्येत आणले. त्यामुळे शाळेतील शिपाई, लेखनिक, माळी, वाहनचालक यांना कायद्याचे दार उघडले. शिक्षकालाही ते उघडले असे अनेकांना वाटले.

हा भ्रम गोव्यातील खटल्याने दूर झाला. एका धार्मिक संस्थेच्या शाळेतील शिक्षिकेची सेवा १९७५ मध्ये समाप्त करण्यात आली. समेटाचा प्रयत्न फसला. सरकारने विवाद न्यायनिर्णयासाठी पाठवण्यास नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयातही यश आले नाही. १९८८ मध्ये सुंदरंबल विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. शाळा उद्योग आहे हे मान्य. पण ‘कामगार’ ठरण्यासाठी अंगमेहनतीचे, पर्यवेक्षणाचे, तांत्रिक किंवा लेखनिकाचे काम करावे लागते. अध्यापन यांपैकी कशातच बसत नाही. शिक्षक मुलांचे शील घडवतो, व्यक्तिमत्त्व उभे करतो, आणि हे कार्य कोणत्याही लेखनिकी कामाहून श्रेष्ठ आहे. सबब तो कामगार नव्हे.

तेरा वर्षांच्या लढ्याअखेर त्या शिक्षिकेला मिळाला तो सन्मान. दाद मिळाली नाही. न्यायालयाला यातील विसंगती जाणवली होती. शिक्षकांना सामाजिक न्यायापासून वंचित ठेवता येणार नाही, त्यांच्या तक्रारींसाठी योग्य यंत्रणा निर्माण व्हावी, अशी अपेक्षा त्याच निकालपत्रात व्यक्त झाली आहे.

व्याख्येची हीच भिंत उपदान कायद्यातही आडवी आली. ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने हा कायदा शिक्षणसंस्थांना लागू झाला. पण २००४ मध्ये अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा शब्दांनी बांधलेल्या व्याख्येत शिक्षक बसत नाही. म्हणजे त्याच शाळेतील शिपायाला उपदान मिळे आणि तीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाला कायद्याने मिळत नसे. येथे मात्र संसदेने आपले काम केले. २००९ च्या दुरुस्तीने व्याख्येतील ती विशेषणे काढून कोणत्याही प्रकारचे काम असे शब्द घातले आणि ही दुरुस्ती १९९७ च्या तारखेपासून लागू केली. खासगी शाळांच्या संघटनांनी तिला आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. काही शब्द बदलताच देशभरच्या शिक्षकांचा एक अधिकार उभा राहिला. व्याख्या म्हणजे शुष्क तांत्रिक बाब असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. औद्योगिक संबंधांची २०२० ची संहिता आली तेव्हा असाच बदल तेथे करण्याची संधी होती. ‘कामगारा’च्या व्याख्येतील जुनी विशेषणे तिने पुढे चालू ठेवली.

संपाच्या बाबतीत परिस्थिती आणखी कठीण आहे. २००३ मध्ये तमिळनाडूत सरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांनी निवृत्तिवेतनादी प्रश्नांवर संप केला, तेव्हा सरकारने दीड लाखाहून अधिक जणांना बडतर्फ केले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक वा नैतिक अधिकार नाही असे म्हटले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटना स्वातंत्र्य समितीचे मत याच्या उलट आहे : काटेकोर अर्थाने अत्यावश्यक सेवा म्हणजे जिच्या खंडाने लोकांचे जीवित धोक्यात येते ती, अध्यापन त्या वर्गात मोडत नाही. भारताने ८७ व ९८ हे करार मान्य न करण्याचा अर्थ अशा वेळी उघड होतो.

राज्यांनी आपापल्या परीने वाटा काढल्या हे खरे. महाराष्ट्रात १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे आणि शाळा न्यायाधिकरण आहे. गोव्यात १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आहे. कर्नाटकात शैक्षणिक अपील न्यायाधिकरण आहे. या यंत्रणा उपयुक्त आहेत. परंतु त्या एकेकट्या शिक्षकाला बडतर्फीनंतर दाद देतात. संघटनेशी बसून वाटाघाटी करण्याचे बंधन त्या व्यवस्थापनावर किंवा सरकारवर घालत नाहीत. वैयक्तिक दाद आणि सामुदायिक अधिकार यांतील हे अंतर आपल्या शिक्षकांना फार महागात पडले आहे.

आपल्याच संस्थांकडे पाहताना

येथपर्यंत बोट सरकारकडे होते. आता ते आपल्याकडे वळवणे भाग आहे.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा ज्या संस्था चालवतात, त्यांना राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य म्हणून आपल्या संस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार आहे. बेळगाव, बिदर, इंदूर, हैदराबाद, बडोदे, सर्वत्र या अनुच्छेदाचा आधार मोलाचा आहे. पण त्याची ढाल शिक्षकापुढे धरण्याचा मोह देशातील अनेक अल्पसंख्य संस्थांना झालेला आहे : आम्ही अल्पसंख्य, आमचा कारभार आमचा, वेतनाचे नियम आम्हांला लावू नका.

याचे उत्तर १९८६ मध्येच मिळाले. १९७३ च्या दिल्ली शालेय शिक्षण कायद्याने विनाअनुदानित अल्पसंख्य शाळांना शिक्षकांच्या वेतन व सेवाशर्तींच्या प्रकरणातून सूट दिली होती. फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचारी संघटनेने, म्हणजे शिक्षकांनी एकत्र येऊनच, या सवलतीला आव्हान दिले. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्राने ती सूट बहुतांशी रद्द केली. बडतर्फीपूर्वी सरकारची मान्यता घेण्याची अट तेवढी अल्पसंख्य शाळांना लागू केली नाही. वेतन आणि इतर संरक्षणे लागू केली. कारभाराच्या अधिकारात गैरकारभाराचा अधिकार येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणातच सांगून ठेवले होते. शिक्षकाला कमी वेतन देऊन संस्थेचा दर्जा उंचावत नाही, आणि दर्जा खालावलेल्या शाळेने अल्पसंख्य समाजाचे रक्षण होत नाही, हे त्याचे व्यावहारिक तात्पर्य.

मराठी शाळेत तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या शिक्षकाला भाषेच्या सेवेचे स्मरण करून देणे सोपे आहे. पण त्या शिक्षकाने अधिक वेतनाची शाळा पत्करली, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. जागा रिक्त राहते, तुकडी मोडते, पटसंख्या घटते, आणि मग पटसंख्येचे कारण दाखवून शाळा बंद होते. भाषा अशा क्रमाने मागे हटते, आणि त्या क्रमातील पहिली पायरी बहुधा शिक्षकाची असुरक्षितता असते.

शब्द परत मिळवण्यासाठी

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवाव्यात, असे तो राज्यांना सांगतो. त्याच्याच जोडीच्या ३५०-ख ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. ‘पुरेशा सोयी’ या शब्दांचा अर्थ आपण इमारत, पाठ्यपुस्तक आणि तुकडी असा लावत आलो. सर्वांत मोठी सोय म्हणजे त्या भाषेत शिकवणारा, कायम नेमणुकीचा, योग्य वेतनाचा आणि निर्भयपणे बोलू शकणारा शिक्षक, हा अर्थ आपण आग्रहाने मांडला पाहिजे. विशेष अधिकाऱ्याकडे जाणाऱ्या निवेदनात शाळांच्या संख्येबरोबर रिक्त पदांची, कंत्राटी नेमणुकांची आणि वेतनाच्या थकबाकीची गाववार यादी असावी.

त्याचबरोबर ज्या शिक्षक संघटना आज आहेत त्यांनी आपल्या घटनेतील उद्दिष्टांचे कलम काढून वाचावे. मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार हे शब्द त्यात नसतील तर घालावेत. तुर्की शिक्षकांना जे शब्द वगळावे लागले, ते लिहिण्यास आपल्याला कोणतीही मनाई नाही. आणि भाषेसाठी लढणाऱ्या संस्थांनी आपल्या ठरावांत ८७ व ९८ क्रमांकांच्या करारांची मान्यता, ‘कामगारा’च्या व्याख्येत शिक्षकाचा समावेश, आणि मराठी शाळांतील शिक्षकांना समान वेतन या मागण्या सीमाप्रश्नाच्या मागण्यांइतक्याच ठळकपणे घ्याव्यात.

शिक्षकाला गुरू म्हणण्यात काही गैर नाही. गुरू म्हणून त्याला कामगाराचे हक्क नाकारण्यात मात्र गैर आहे. उपदानाच्या कायद्यात काही विशेषणे वगळल्याने न्याय झाला. अंकारात दोन शब्द वगळल्याने अन्याय झाला. कोणते शब्द ठेवायचे आणि कोणते काढायचे, याचा निर्णय ज्या सभेत होतो तेथे शिक्षक बसलेला असला पाहिजे, आणि त्याच्या शेजारी आपणही.